सरसाची शेगडी

थोरला : म्हणजे मला कोणी काही विचारणारच नाही?

धाकटा : कशाबद्दल?

थोरला : कशाबद्दल काय, बारक्या! चौऱ्याहत्तर वर्षं जगून आलोय मी. कसा जगलो, कोणाचं भलं केलं, कोणाचं वाईट केलं... एखादा साहेब, एखादं टेबल, काहीतरी असेल की नाही?

धाकटा : टेबल आहे. ते बघ, खिडकीखाली. मीच केलंय. पण त्याच्यामागे कोणी बसत नाही.

थोरला : थट्टा नको. आज सकाळीच मेलोय मी.

धाकटा : मीही मेलोय, दादा. तुझ्याआधी सत्तावीस वर्षं. बूट काढ आणि टेक जरा त्या खाटेवर. तुझीच आहे. कालच पॉलिश केलं, अजून वास येत असेल.

थोरला : मी येणार हे तुला माहीत होतं?

धाकटा : नर्सबाईंनी सांगितलं. समोरच्या खोलीत राहतात त्या. नवीन माणूस येणार असलं की त्यांना आधी कळतं. कसं कळतं ते त्यांनाही सांगता येत नाही. मला म्हणाल्या, 'तुझा भाऊ येतोय, खाट कर.' मग जीभ चावून म्हणाल्या, 'म्हणजे, करावीशी वाटली तर कर.'

थोरला : असं का?

धाकटा : आयुष्यभर हुकूम सोडले बाईंनी. ती सवय मोडतायत. इथे आल्याला पन्नास वर्षं झाली, अजून मोडतायत.

थोरला : सांधे बरे बसवलेस रे. खिळा दिसत नाही कुठे.

धाकटा : नाहीच मारला.

थोरला : तू? तू तर स्टुलालासुद्धा चार खिळे ठोकून मोकळा व्हायचास आणि बाबांनी हाक मारली की मागच्या दारानं पसार.

धाकटा : तोच मी.

थोरला : आणि दिसतोस तस्साच. एक्केचाळीस वर्षांचा. मी मात्र हा असा, गुडघे धरून चालणारा.

धाकटा : जो जसा येतो तसा दिसतो. गुडघे दुखायचे थांबतील आठवड्याभरात. बाकीचं जे बरोबर आणलंस ते इतक्या लवकर नाही जायचं.

थोरला : मी काय आणलं? हात हलवत आलो.

धाकटा : मलाही तसंच वाटलं होतं. दारूनं यकृत सडलं, मेलो, तेव्हा म्हटलं, चला, शरीर गेलं म्हणजे दारूही गेली. इथे दारू मिळतच नाही, दादा. पण तहान आली माझ्यामागोमाग. तीन वर्षं रोज सकाळी एकच ठरवायचो : आज तहान लागली की वर्कशॉपला तीन चकरा मारायच्या. काही दिवशी शंभर चकरा व्हायच्या.

थोरला : आणि हे असं ठरवायला लावतं कोण?

धाकटा : कोणी नाही. तीच तर पंचाईत. सकाळी उठायचं, आज एक गोष्ट नीट करायची म्हणून मनाशी धरायची. एकच. दिवसभर काम करायचं. भूक नाही, पण काम आहे. येणाऱ्याला खाट लागते, कपाट लागतं, दार लागतं. आणि संध्याकाळी कुणाजवळ तरी बसून सांगायचं, कुठे जमलं, कुठे घसरलो.

थोरला : आणि घसरलो तर?

धाकटा : तर उद्या.

थोरला : शिक्षा वगैरे?

धाकटा : पुन्हा उद्या. तेवढं पुरतं माणसाला.

थोरला : मग हे मला जड जाणार नाही. मी जन्मभर पाचला उठलोय. कोणाचं काम एक दिवस उशिरा दिलं नाही. तुला अवघड गेलं असेल.

धाकटा : फार. तहान गेली, मग खोटं बोलणं निघालं. खोटं आवरलं, मग कामं अर्धवट टाकणं. पहिलं स्टूल पुरं करायला वर्ष लागलं, आणि तेही डुलायचं.

थोरला : आई-बाबा कुठे आहेत?

धाकटा : पुढच्या वस्तीत. अर्ध्या दिवसाची वाट आहे. मी इथे आलो त्याच्या आधीच बाबा पुढे गेले होते.

थोरला : अर्ध्या दिवसाची? मग तू सत्तावीस वर्षं इथे काय करतोयस?

धाकटा : माझं थोडं राहिलंय. तू पड जरा, दमला असशील.

* * *

नर्सबाई : दार उघडं होतं म्हणून आले. पडदे सरकवा. म्हणजे... सरकवले तर उजेड येईल.

थोरला : या, बसा. सरकवतो.

नर्सबाई : महिना झाला तुम्हाला येऊन. कसं चाललंय?

थोरला : उत्तम. पाचला उठतो. बारक्याच्या आधी वर्कशॉपात हजर असतो. त्याच्या पटाश्यांना धार लावून ठेवतो. चार कपाटं झाली माझ्या हातची. त्यातलं एक तुम्ही पाहिलंच असेल, खालच्या मजल्यावर. लोक थांबून बघतात.

नर्सबाई : पाहिलं. सुरेख आहे. आणि संध्याकाळी?

थोरला : संध्याकाळी तो मला विचारतो, 'दादा, आज कुठे घसरलास?' मी सांगतो, कुठे नाही.

नर्सबाई : तीस दिवस? कुठेच नाही?

थोरला : उगीच नम्रपणा दाखवायला खोटं कशाला सांगू, बाई? माणूस सरळ असला तर घसरणार कुठे? आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. नऊ वर्षं वडिलांना या हातानं भरवलंय मी. आंघोळ घातली, बटणं लावली. एक दिवस खाडा नाही.

नर्सबाई : त्यांचे हात भाजले होते ना?

थोरला : तुम्हाला कोणी सांगितलं?

नर्सबाई : तुमच्या भावानं. गेली सत्तावीस वर्षं संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसायचा. 'आज खाट पुरी केली. आज कोणावर ओरडलो नाही.' आणि शेवटी नेहमी एकच : 'पण बाबांचे हात माझ्यामुळे गेले.' दारू पिऊन भर दुपारी वर्कशॉपात झोपला, सिगारेट भुश्शात पडली, आग लागली. वडील आत शिरले, याला ओढून बाहेर काढलं, आणि त्यांच्या हातांनी पुन्हा रंधा धरला नाही. असंच ना?

थोरला : ... लोक तसं म्हणायचे.

नर्सबाई : लोकांचं सोडा, तो स्वतः म्हणतो.

थोरला : हं.

नर्सबाई : तो पुढे का गेला नाही, सांगितलं तुम्हाला?

थोरला : म्हणाला, थोडं राहिलंय.

नर्सबाई : काही राहिलेलं नाही. तुमच्या वडिलांचा तीनदा निरोप आला पुढून. एकच शब्द : 'ये.' पहिला निरोप आला त्याला चौदा वर्षं झाली. दर वेळी हा म्हणतो, कुठल्या तोंडानं जाऊ? त्यांच्या हातांकडे कसा बघू? अजून थोडा चांगला होतो, मग जातो. अहो, इथे त्याच्या पाठून आलेले, त्याच्या निम्मंही काम न केलेले कितीतरी जण पुढे गेले. हा आपला रोज सकाळी उठून त्या आगीशी झटतोय.

थोरला : चौदा वर्षं.

नर्सबाई : म्हणून आज मुद्दाम तुमच्याकडे आले. तुम्ही थोरले. तुमचं ऐकेल तो. त्याला सांगा, झालं ते झालं, आता जा. आजच सांगा. हा हुकूमच झाला, नाही का? असू दे. संध्याकाळी कबूल करेन.

थोरला : बघतो मी.

नर्सबाई : तुम्हाला बरं वाटत नाहीये का?

थोरला : मेलेल्या माणसाला आता आणखी काय होणार?

नर्सबाई : एकतीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. चेहरा वाचता येतो मला. एकदा वाचला नव्हता. एक बाई म्हणत होती, छातीत कसंतरी होतंय. मी म्हटलं, काही होत नाही, झोपा गुपचूप. सकाळी ती उठलीच नाही. तेव्हापासून मी दोनदा विचारते. काय होतंय तुम्हाला?

थोरला : काही नाही, बाई. खरंच काही नाही.

नर्सबाई : बरं. पडदा उघडाच राहू दे.

* * *

थोरला : किती वेळ उभा राहणार आहेस त्या शेगडीपाशी? सांध्यांना लावायचा सरस कधीच पातळ झालाय.

धाकटा : झालाय, पण कोळसे आहेत अजून.

थोरला : मी बघतो. तू जा, त्या जिन्यावरच्या दाराचं माप घेऊन ये. उजेड आहे तोवर.

धाकटा : माप उद्या घेईन. शेगडी पेटलेली असली की मी हलत नाही, दादा.

थोरला : म्हणजे रोज असाच उभा?

धाकटा : रोज. कोळसे विझेपर्यंत. मग राखेला हात लावून बघतो, गार झाली की जातो. महिनाभर बघतोयस की.

थोरला : मला वाटलं, तुला शेकायला आवडतं. पण त्या आगीला लोक सिगारेट कारण म्हणतात; तिचा आणि शेगडीचा संबंध काय?

धाकटा : काही नाही. पण आग ती आगच. सिगारेट मी त्या दिवसापासून ओढली नाही. तिकडे अकरा वर्षं दारू ढोसली, पण सिगारेट नाही, लोक हसायचे मला. आता इथे पेटतं असं एवढंच उरलंय. म्हटलं, हिच्यावर तरी डोळा ठेवावा.

थोरला : बारक्या, बस खाली.

धाकटा : बसलो की शेगडी दिसत नाही.

थोरला : मग उभ्यानं ऐक. त्या दिवशी शेगडीवर सरस मी ठेवला होता.

धाकटा : कोणत्या दिवशी?

थोरला : त्याच.

(कोळसे तडतडतात. धाकटा शेगडीवरून नजर काढतो.)

धाकटा : किती वाजता?

थोरला : दोन. जेवून आलो. डॉक्टरांच्या कपाटाचं माप घ्यायला जायचं होतं. म्हटलं, परत येईपर्यंत सरस पातळ होईल. कोळसे चांगले चार मुठी जास्त घातले. तू आत झोपलायस हे पाहिलं होतं. घोरत होतास. मनात म्हटलं, पडू दे. आणि गेलो.

धाकटा : मग?

थोरला : माप दहा मिनिटांत झालं. पण डॉक्टरांनी बसवून घेतलं. चारचौघं होते तिथे, त्यांना माझं काम दाखवायला लागले. असा कारागीर शोधून सापडणार नाही म्हणाले. मी बसलो ऐकत. तासभर बसलो, बारक्या. शेगडीची आठवण झाली तेव्हा रस्त्याच्या टोकावरून धूर दिसत होता.

धाकटा : शेगडी कुठे होती?

थोरला : दाराशी. भुश्शाच्या पोत्यांना लागून. आग तिथूनच उठली. नंतर मी बघितलं, सरसाचं भांडं पालथं पडलं होतं.

धाकटा : आणि मी?

थोरला : पार मागच्या भिंतीला, फळ्यांच्या थप्पीवर. म्हणून तर बाबांना आगीतून आत जावं लागलं.

धाकटा : थप्पीपासून दारापर्यंत किती होतं?

थोरला : वीस पावलं.

धाकटा : वीस पावलं. झोपलेल्या माणसाच्या हातातून सिगारेट वीस पावलं जात नाही.

थोरला : नाही.

धाकटा : मी कधी मोजलीच नाहीत. सगळे म्हणाले, मी मान्य केलं. मला स्वतःला कुठे काय आठवत होतं!

थोरला : सांगणार होतो मी. इस्पितळातच सांगणार होतो. म्हटलं, बाबा जरा सावरू देत. तोवर तू घर सोडून गेलास. मग म्हटलं, आता कोणाला सांगू? पुढे नऊ वर्षं बाबांना भरवताना प्रत्येक घासाला वाटायचं, हा घास झाला की सांगतो.

धाकटा : बाबांना माहीत होतं?

थोरला : देव जाणे. त्यांनी कधी विचारलं नाही. मी कधी बोललो नाही.

धाकटा : बाबा गेले तेव्हा मी आलो होतो. समोरच्या फुटपाथवर उभा होतो.

थोरला : पाहिलं होतं तुला.

धाकटा : आणि शेजाऱ्याच्या हाती निरोप दिलास, आत येऊ नकोस.

थोरला : तू आत आला असतास तर तुझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

धाकटा : दादा.

थोरला : बोल. काय वाट्टेल ते बोल.

धाकटा : शेगडीकडे लक्ष ठेव. मी चाललो.

* * *

नर्सबाई : तीन दिवस माझ्या व्हरांड्यात झोपतोयस आणि तोंडातून चकार शब्द नाही. आज बोल. म्हणजे... जाऊ दे, बोलच.

धाकटा : बाई, मी लाथ घातली. पाय मोडला.

नर्सबाई : कोणाचा?

धाकटा : टेबलाचा. खिडकीखालच्या.

नर्सबाई : मग जीव भांड्यात पडला माझा. सुतार आहेस, लावशील.

धाकटा : हसू नका. इथे आल्यावर पहिली दहा वर्षं मी रागावर घालवली. हात उचलायचा नाही, पाय आपटायचा नाही. आणि एका दुपारी सगळं पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून.

नर्सबाई : झालं काय ते तरी सांग.

धाकटा : ती आग मी लावली नव्हती. दादाची शेगडी होती. तो विसरून गेला होता.

नर्सबाई : त्यांनी सांगितलं? आपणहून?

धाकटा : आपणहून.

नर्सबाई : अरे! मग मोकळं वाटायला हवं तुला.

धाकटा : तेच तर होत नाही. अडतीस वर्षं मी त्या आगीवर उभा आहे, बाई. अकरा तिकडे, सत्तावीस इथे. तहान मारली ती त्यासाठी. खोटं सोडलं ते त्यासाठी. रोज सकाळी उठताना मनात एकच, बाबांचे हात मी घालवले, तर माझ्या हातांनी निदान काही बरं करावं. आणि आता कळतं, मी घालवलेच नव्हते. मग एवढा राबलो कशासाठी? कोणाच्या चुकीसाठी?

नर्सबाई : तुझं पहिलं स्टूल डुलायचं ना?

धाकटा : त्याचं काय?

नर्सबाई : आता डुलतं का तुझं एखादं स्टूल?

धाकटा : नाही.

नर्सबाई : मग ज्याचा हात बसला त्याचा बसला. कारण खोटं निघालं म्हणून स्टूल पुन्हा डुलायला लागत नाही.

धाकटा : तुम्हाला बोलायला सोपं आहे.

नर्सबाई : आहे. कबूल. पण राग फक्त त्यांच्यावरच आहे का?

धाकटा : म्हणजे?

नर्सबाई : तीन दिवस त्या पुढच्या वाटेकडे पाठ करून बसतोयस. माझ्या व्हरांड्यातून दुसरं काही दिसतच नाही, तरी.

धाकटा : ... भीती वाटते, बाई.

नर्सबाई : कसली?

धाकटा : आता न जायला काही कारणच उरलं नाही. बाबांनी तीनदा बोलावलं. हात जळाले तरी बोलावलं. त्यांच्या लेखी मीच ते केलं होतं, तरी बोलावलं. आणि मी गेलो नाही. मी चांगला होत होतो म्हणे! ते म्हणाले, 'का रे, चौदा वर्षं बापाला ताटकळत ठेवलंस?' तर काय सांगू?

नर्सबाई : हे मात्र तुझं स्वतःचं आहे. यात भावाचा हात नाही.

धाकटा : नाही. हे माझंच.

नर्सबाई : एक सांगू? तुझे दादा रोज वर्कशॉपात जातायत. काम काही करत नाहीत. शेगडी पेटवतात आणि राख होईपर्यंत तिच्यासमोर उभे राहतात. काल मी खिडकीतून पाहिलं, ओठ हलत होते.

धाकटा : काय म्हणत होता?

नर्सबाई : ऐकू आलं नाही. जाऊन विचार. आणि यात 'वाटलं तर' नाही.

* * *

धाकटा : टेबलाचा पाय कोणी लावला?

थोरला : मी. बरोबर नाही बसला. दोनदा काढून लावला.

धाकटा : दिसतंय ते.

थोरला : ये ना आत. असा उंबऱ्यात उभा राहू नकोस.

धाकटा : दादा, मी नीट विचार केलाय. मध्ये बोलू नकोस. शेगडी विसरायला काय, कोणीही विसरतं. मी तर आख्खं आयुष्य विसरण्यात घालवलं. सांगितलं नाहीस ते वाईट केलंस. फार वाईट केलंस. पण घाबरला असशील. बाबा इस्पितळात, घर तुझ्या डोक्यावर, तुझं नाव. मी तुझ्या जागी असतो तर पळूनच गेलो असतो. तेव्हा, मी माफ केलं तुला. मनापासून. आणि उद्या सकाळी मी पुढे जातोय.

थोरला : जातोस?

धाकटा : हो. बाबांकडे.

थोरला : बरं.

धाकटा : बरं? एवढंच? मला वाटलं, तू रडशील, मग मीही रडेन, आणि होईल सगळं.

थोरला : बारक्या, आत्ता जे म्हणालास ना, माफ केलं म्हणून.

धाकटा : हं.

थोरला : ते मागे घे.

धाकटा : काय?

थोरला : शेगडीसाठी केलंस ते. शेगडी ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली मी त्या दिवशी गिळली. तू आत्ता माफ केलं म्हणालास तेव्हा मनात पहिलं काय आलं, सांगू? सुटलो. उद्या हा जाईल आणि मी सुटलो. मग माझीच मला किळस आली.

धाकटा : तीन दिवस शेगडीसमोर तेच पुटपुटत होतास?

थोरला : तेच. कुठल्या शब्दांत सांगू, ते जुळवत होतो. जुळलं नाही. तसंच सांगतो. बाबांनी तुला बाहेर आणून टाकलं, तू बेशुद्ध होतास. श्वास चालतोय का बघायला मी तुझ्या शर्टाची बटणं सोडली. खिशात सिगारेटचं पाकीट होतं. कोरं. वरचा कागदही फाडलेला नव्हता.

धाकटा : कोरं?

थोरला : एक सिगारेट काढलेली नव्हती. काडेपेटी तर नव्हतीच तुझ्याजवळ. तेवढ्यात समोरचा लोहार ओरडला, 'या दारुड्याचीच सिगारेट असणार!' सगळे वळले. पाकीट माझ्या हातात होतं. बोलायचीही गरज नव्हती. हात नुसता वर केला असता तरी पुरे होतं.

धाकटा : आणि तू?

थोरला : गटारात टाकलं.

धाकटा : टाकलंस.

थोरला : ते मी विसरलो नव्हतो, बारक्या. घाबरून हातून पडलंही नाही. डोळे उघडे ठेवून टाकलं. त्या क्षणी मला हायसं वाटलं, की माझा भाऊ दारुडा आहे.

धाकटा : ... पाणी आहे का?

थोरला : आहे. हे घे. सावकाश.

धाकटा : हे कोणाला माहीत आहे?

थोरला : कोणालाच नाही. बायकोलाही कधी सांगितलं नाही. लोक मला भला माणूस म्हणायचे ना, तेव्हा दर वेळी ते पाकीट डोळ्यांसमोर यायचं. आणि मी आणखी भला व्हायचो. पाचला उठायचो. कोणाचं काम उशिरा द्यायचो नाही.

धाकटा : मघाशी म्हणालो ते खरं होतं, दादा. पण ते याला पुरणार नाही.

थोरला : म्हणून तर मागे घे म्हटलं.

धाकटा : आज मला माफ केलं असं म्हणवत नाही.

थोरला : म्हणू नकोस.

धाकटा : करणार नाही असंही म्हणत नाही. रोज सकाळी उठून थोडं थोडं करून बघेन. काही दिवशी नाहीच जमणार. मग तुला मनातल्या मनात शिव्या घालीन.

थोरला : घाल.

धाकटा : मोठ्यानंही घालीन. तिथून इथे ऐकू येणार नाही म्हणा.

थोरला : मग उद्या... थांबतोस का अजून?

धाकटा : नाही. जाणार. हे कारण धरून आणखी बसलो तर तो माझा पळपुटेपणा. बाबांना काय सांगू?

थोरला : यातलं काही सांगू नकोस. मी येईन तेव्हा मी सांगेन.

धाकटा : तुला वेळ लागेल.

थोरला : ठाऊक आहे. महिना झाला, आज कुठे पहिला दिवस उजाडला माझा.

धाकटा : आणि त्यांनी विचारलं, थोरला कुठे आहे, तर?

थोरला : म्हण, काम करतोय.

* * *

नर्सबाई : मफलर घे. वाटेत वारा असतो. हा हुकूम आहे आणि आज मी तो मागे घेणार नाही.

धाकटा : घेतो. बाई, संध्याकाळी आता दादा तुमच्याकडे येईल. त्याला बोलतं करायला वेळ लागतो, आणि मध्ये स्वतःची तारीफ करतो. तेवढं चालवून घ्या.

नर्सबाई : पाहिलंय मी. तू निघ. डोळे पुसत उभी राहणाऱ्यातली मी नाही. गेले मी आत.

थोरला : पटाश्या नेत नाहीस?

धाकटा : नको. तुला लागतील. परवा एक बाई येतायत म्हणे, शाळेत शिकवायच्या. त्यांना खाट हवी.

थोरला : करतो मी.

धाकटा : उंची जरा कमी ठेव. बुटक्या आहेत.

थोरला : बरं. बारक्या...

धाकटा : काय?

थोरला : त्या वळणापर्यंत येऊ का तुझ्याबरोबर?

धाकटा : ये. पण काही बोलू नकोस. नुसता चाल.